एचबीएवनसी 6.1 आणि पहाटे शुगर 50: डायलिसिसवरच्या एका काकांचं प्रकरण

काका 63 वर्षांचे, सोलापूरचे, सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. शुगर 19 वर्षांपासून, बीपी तिच्या पाठोपाठ आलेलं, दोन्ही डोळ्यांना लेसर झालेलं, तळपायांची आग होते म्हणून रात्री ओला पंचा गुंडाळून झोपायची सवय. किडनी हळूहळू जात गेली आणि मार्चपासून डायलिसिस सुरू झालं, सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळची पहिली शिफ्ट, चार तास. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा), लघवी दिवसभरात जेमतेम कपभर, ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, 58 किलो. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून त्याचा खर्च नव्हता, पण शुगरच्या स्ट्रिप्स, इन्सुलिन, रिक्षा हे सगळं मुलाच्या पगारातून चालायचं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. डोस पुढे लिहिलेत ते या एका माणसाचे आहेत, कृपा करून घरच्या कुणाला बघून तसेच देऊ नका.)

ऑक्टोबरात ते माझ्याकडे आले ते शुगरसाठी आलेच नव्हते. तक्रार होती "डायलिसिस सोसत नाही". तिसऱ्या तासाला घाम फुटतो, लागोपाठ जांभया येतात, डोळ्यापुढे अंधारी येते, मग टेक्निशियन पाय वर करतात, सलाइन सोडतात, पाणी काढणं थांबवतात, आणि अशा रीतीने जेवढं पाणी निघायला हवं तेवढं निघतच नाही आणि माणूस घरी जाताना अर्धा मेलेला. फाइलवर प्रत्येक वेळी एकच शेरा, "बीपी ड्रॉप". मी त्या दिवसांचे चार्ट काढून बसलो तर त्या क्षणाचं बीपी 118/70, 126/74, एकदा 110/64. आता रोज 150 च्या घरात बीपी असणाऱ्या माणसाला 110 म्हणजे कमीच, मान्य, पण 126 ला अंधारी येऊन घामाने चादर भिजत नाही. आणि त्या एकाही वेळी शुगर बघितलेली नव्हती, कारण फाइलच्या पहिल्याच पानावर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, 6.1 लिहिलेला होता आणि तो बघितला की सगळ्यांचं समाधान व्हायचं. काकूंचंसुद्धा. "साखर तर एकदम हातात आहे की हो डॉक्टर, आधी नऊ-साडेनऊ असायची," असं त्या अगदी समाधानाने सांगत होत्या.

मग मी काकूंना रात्रीचं विचारलं. झोप कशी लागते, पहाटे काय होतं. तर म्हणाल्या, "हे पहाटे तीन-साडेतीनला उठून बसतात, बनियन पिळून काढावं इतका घाम, आणि काहीतरी असंबद्ध बोलतात, मागावरच्या माणसांना हाका मारतात. मी पाणी देते, चहा-बिस्किट देते, मग अर्ध्या तासाने ठीक होतात." हे किती दिवस? तर श्रावणापासून. मुलगा म्हणाला आम्हाला वाटलं डायलिसिसचा थकवा, कुणीतरी सांगितलं होतं की युरिया डोक्यात जातो. चहात साखर असते म्हणून ते ठीक व्हायचे, एवढंच.

औषधं बघितली. मेटफॉर्मिन किडनी बिघडल्यावर वेळेत बंद केलेलं होतं, ते बरोबरच. पण ग्लायमेपिराइड ही शुगर कमी करणारी गोळी 1 मिलिग्रॅम सकाळी अजून चालू, आणि इन्सुलिन 30/70 मिक्स (लवकर आणि सावकाश चालणारं एकत्र), सकाळी 24 युनिट, रात्री 16. म्हणजे दिवसाला 40 युनिट. किडनी बऱ्यापैकी चालत होती तेव्हा हेच 52 होतं, म्हणजे डोस कमी केलेला होता पण अगदी थोडा. जोडीला बीपीचं कार्व्हेडिलॉल, जे शुगर कमी झाल्याची धडधड, थरथर ही लक्षणं झाकून टाकतं, घाम मात्र झाकत नाही. म्हणून काकांना धडधड कधी जाणवलीच नाही आणि घाम तेवढा यायचा.

आता इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेक घरांत आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ओपीडीतही हेच लक्षात येत नाही. शरीर स्वतः बनवतं ते इन्सुलिन आधी लिव्हरमधून जातं आणि साधारण निम्मं तिथेच संपतं. पण आपण पोटावर टोचतो ते थेट रक्तात जातं, आणि ते निकाली काढायचं मोठं काम किडनीचं असतं. किडनी गेली की तेच 16 युनिट जास्त वेळ रेंगाळतात, रात्री आठला टोचलेलं पहाटे तीनलाही काम करत बसतं. दुसरं म्हणजे उपाशीपोटी लिव्हरबरोबर किडनीसुद्धा नवीन साखर तयार करते, तो आधारही गेलेला. तिसरं, डायलिसिस सुरू झाल्यावर रक्तातला कचरा कमी होतो तशी इन्सुलिन लागू पडायची ताकद पुन्हा थोडी वाढते. आणि चौथं, भूक नसते, माणूस खातच नाही. चारही गोष्टी एकाच दिशेने ओढतात, खाली. काही पेशंटची तर औषधं पूर्ण बंद करावी लागतात, शुगर "गेली" असं घरी म्हणतात, ती गेलेली नसते पण औषधाची गरज मात्र खरंच संपलेली असते. आणि ग्लायमेपिराइड, त्याहून वाईट म्हणजे ग्लायबेनक्लामाइड, यांचे शरीरात तयार होणारे भागसुद्धा शुगर कमी करतात आणि ते किडनीवाटेच जातात, म्हणून या माणसांत एकदा शुगर पडली की दोन-दोन दिवस पडत राहते, ग्लुकोज देऊन वर आली म्हणून घरी पाठवलं तर रात्री परत खाली.

आता तो 6.1. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीला चिकटलेली साखर, आणि पेशी साधारण 120 दिवस जगते या हिशोबावर तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो. डायलिसिसवर पेशी त्याहून लवकर मरतात. त्यात काकांना आठवड्यातून दोनदा एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे लाल पेशी वाढवणारं, इंजेक्शन चालू, शिरेतून लोह चालू, म्हणजे रक्तात सतत कोवळ्या पेशी, ज्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. त्यावर कडी म्हणजे सप्टेंबरात हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं म्हणून रक्ताची पिशवी चढवलेली, तर त्या पेशी दुसऱ्याच्या, त्यांना चिकटलेली साखरही दुसऱ्याची. मग जो आकडा येतो तो कशाची सरासरी? केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे की डायलिसिसवर एचबीएवनसीची विश्वासार्हता कमी. तरी प्रत्येक फाइलवर तो पहिल्या पानावर असतो आणि डोस त्यावरच ठरतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

मुलाला म्हटलं, बाबा, एकदाच खर्च कर, सतत शुगर मोजणारा 14 दिवसांचा सेन्सर लावू. उजव्या दंडाला लावला, फिस्टुलाच्या हाताला अजिबात नाही, त्या हाताला ना सुई ना पट्टा ना बीपी. डायलिसिस चालू असताना शरीरातलं पाणी भराभर हलतं तेव्हा सेन्सरवर डोळे झाकून विसंबू नये, म्हणून त्या चार तासांत बोट टोचून बघायचं ठरलं. बोट टोचतानाही एक गोष्ट. हिमोग्लोबिन कमी असेल तर बऱ्याच ग्लुकोमीटरवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. काकांचं तेव्हा 8.4 होतं. म्हणजे मीटरवर 75 दिसलं तर आत त्याहून कमी असू शकतं, म्हणून यांच्यासाठी "70 च्या खाली" हा नेहमीचा नियम मी 80 वर आणला.

सेन्सरने जे दाखवलं ते बघून मुलगा गप्पच झाला. चौदा दिवसांची सरासरी 181. त्या सरासरीला साधारण 7.6 एवढा एचबीएवनसी यायला हवा होता, आला होता 6.1. आणि ही सरासरी तरी कशाची, 50 आणि 340 यांची. 70 च्या खालचा वेळ 9 टक्के, म्हणजे रोज सरासरी दोन तासांच्या वर. वयस्कर आणि असा धोका असलेल्या माणसात हा वेळ 1 टक्क्याच्या आत हवा.

एक बुधवार घेऊन सांगतो, त्यात सगळं आहे. सकाळी 5:45 ला 24 युनिट टोचले, चहा आणि दोन मारी बिस्किटं खाल्ली, रिक्षाने सेंटरला. 6:40 ला मशीनवर, तेव्हा शुगर 142, म्हणजे दिसायला छान. 8:30 ला 88. 9:20 ला जांभया, घाम, बोटावर 47. या वेळी आम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून मीटर लावला गेला, नाहीतर पुन्हा सलाइन आणि "बीपी ड्रॉप". 25 टक्के डेक्स्ट्रोजची 100 मिलिची बाटली गेली, दहा मिनिटांत शुगर 190. घरी गेल्यावर भूक लागली म्हणून भरपूर जेवले, दुपारी चारला 338. संध्याकाळी 312 बघून मुलाने रात्रीच्या 16 मध्ये स्वतःच 6 वाढवून 22 दिले, कारण पूर्वी एका डॉक्टरांनी "300 च्या वर गेली तर सहा जास्त" असं लिहून दिलेलं, किडनी चांगली असतानाचा तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला. डायलिसिसच्या थकव्याने रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपले. पहाटे 2:50 ला सेन्सरवर 51.

म्हणजे सकाळची पडणारी शुगर दुपारी उडते, दुपारची उडालेली बघून रात्री जास्त इन्सुलिन, त्याने पहाटे पुन्हा पडते. मुलाचं प्रेम आणि काळजी यात कुठेही कमी नव्हती, त्याच्या हातात चुकीचा कागद होता.

सेंटरवर आणखी एक गोष्ट तपासली ती म्हणजे डायलिसिसचं पाणी, डायलिसेट. ते ज्यापासून बनवतात त्या काही कॉन्सन्ट्रेटमध्ये (घट्ट द्रावणात) ग्लुकोज असतं, काहींत नसतं. ग्लुकोज नसलेल्या पाण्यावर चार तासांत रक्तातलं साधारण 15 ते 30 ग्रॅम ग्लुकोज मशीनमधून वाहून जातं. काकांच्या मशीनला तेच लागत होतं, बिनग्लुकोजचं, कारण तेच साठ्यात होतं. नेफ्रॉलॉजिस्ट सरांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले आणि शुगरच्या पेशंटसाठी डेसिलिटरला 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असलेलं कॉन्सन्ट्रेट मागवलं. 200 वालंही मिळतं पण त्याने उगाच साखर आत जाते, 100 पुरतं. खरं तर हा बदल इतका साधा आहे की प्रत्येक सेंटरवर शुगरचा पेशंट आला की पहिल्या दिवशी विचारला जायला हवा: कॅनवर काय लिहिलंय ते बघा.

पोट तपासलं. बेंबीच्या दोन्ही बाजूला, हाताला लागतील अशा दोन मऊ गाठी, लिंबाएवढ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून टोचून झालेल्या. काकांचं म्हणणं तिथे दुखत नाही म्हणून तिथेच घेतो. तिथलं इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही, काही नेम नसतो. जागा बदलायला सांगितली, पण ते सांगताना डोस कमी करणं फार गरजेचं, कारण चांगल्या कातडीवर तेच युनिट पूर्ण लागू पडतात.

काय बदललं

ग्लायमेपिराइड त्याच दिवशी बंद. मिक्स इन्सुलिन बंद, कारण त्यातला वेगळा भाग वेगळा कमी-जास्त करता येत नाही आणि डायलिसिसच्या माणसाचे सगळे दिवस सारखे नसतात. एकूण डोस निम्मा, 40 वरून 20. ग्लार्जिन (दिवसभर सावकाश चालणारं इन्सुलिन) 12 युनिट दुपारी साडेबाराला, आणि जेवण झाल्यावर अस्पार्ट (लवकर चालणारं) 4 दुपारी, 4 रात्री. डायलिसिसच्या दिवशी ग्लार्जिन 9, म्हणजे पाव भाग कमी, कारण डायलिसिसनंतरच्या तासांत इन्सुलिनची गरज साधारण तेवढी घटते. दुपारची वेळ मुद्दाम, म्हणजे डायलिसिसला जाताना अंगात ताजं इन्सुलिन काहीच नसतं आणि घरी येऊन जेवायच्या वेळेला रोज एकाच वेळी घेता येतं.

जेवणानंतर का, तर काकांचं पोट लवकर रिकामं होत नाही, 19 वर्षांच्या शुगरने जठराच्या नसाही गेल्यात, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं आणि ताट तसंच राहतं. आधी टोचून मग माणूस जेवलाच नाही तर काय करणार? म्हणून काकूंना सांगितलं, ताट बघा, अर्ध्याच्या वर जेवले तर 4, अर्ध्याच्या आत तर 2, काहीच नाही तर अस्पार्ट नाही, पण ग्लार्जिन चालू ठेवायचं. दोन आठवड्यांनी लिनाग्लिप्टिन 5 जोडलं, ती गोळी मुख्यतः आतड्यावाटे जाते म्हणून किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही आणि एकटीने शुगर सहसा पाडत नाही. टेनेलिग्लिप्टिन 20 पण चाललं असतं, आपल्याकडे ते बरेच लोक घेतात. एसजीएलटी2 वाल्या गोळ्यांबद्दल मुलाने विचारलं होतं, कुणीतरी सांगितलं होतं किडनीला चांगल्या, पण त्या लघवीवाटे साखर काढतात, आणि इथे लघवीच कपभर, शुगरसाठी त्यांचा उपयोग शून्य. पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरतं म्हणून नको.

ग्लार्जिनचं पेन मिलिला 100 युनिटवालं आणि घरात पडलेल्या जुन्या सिरिंजा लाल टोपीच्या, मिलिला 40 युनिटवाल्या कुपीसाठीच्या. कधी पेन बिघडलं आणि कुणी त्या सिरिंजने कार्ट्रिजमधून ओढलं तर अडीच पट डोस जातो. त्या सगळ्या सिरिंजा मुलाने माझ्यासमोर पिशवीत भरून आणून दिल्या. आणि फ्रिजवरचा तो कागद फाडून दोन रंगांचे दोन कागद लावले, पिवळा डायलिसिसच्या दिवसाचा, पांढरा बाकीच्या दिवसांचा, मोठ्या अक्षरात, कारण काकांना लेसरनंतर बारीक दिसत नाही.

शुगर पडली तर काय द्यायचं हेही बदलायला लागलं. घरी मोसंबीचा रस आणि शहाळं द्यायचे. बाकीच्या माणसाला ठीक, पण यांना दोन्हींतून पोटॅशियम जातं आणि पाणीही. चॉकलेट तर नकोच, त्यातल्या चरबीने साखर हळू चढते. साधी साखर तीन चमचे किंवा ग्लुकोज पावडर तेवढीच, अर्ध्या कप पाण्यात, 15 मिनिटांनी परत बोट टोचायचं, अजून 80 च्या खाली असेल तर परत एकदा. पुड्या बांधून एक उशाखाली, एक काकूंच्या पर्समध्ये, एक डायलिसिसच्या पिशवीत.

सेंटरवर आता शुगर सुरुवातीला, दोन तासांनी आणि शेवटी बघतात, तिथल्या सिस्टरनी हे स्वतःहून बाकीच्या शुगरच्या पेशंटनाही सुरू केलं, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. सुरुवातीला 100 च्या खाली असेल तर आधी खायला, मग मशीन. आणि घाम, जांभई, बडबड यातलं काहीही झालं की बीपीच्या पट्ट्याबरोबर मीटर.

जेवणाचा घोळ

आहाराचा कागदही दोन वर्षं जुना निघाला, डायलिसिसच्या आधीचा. त्यात डाळ कमी, अंडं बंद, प्रोटीन कमी. किडनी वाचवायची असते तेव्हा ते ठीक, पण डायलिसिस सुरू झालं की उलटं होतं, किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, काकांना म्हणजे साधारण 60 ते 70 ग्रॅम. ते मिळेना म्हणून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, 3.1 वर आलेलं, दंड वाळलेले, आणि अशा उपाशी शरीरात शुगर धरून ठेवायला साठाच नसतो. भाकरी चालू ठेवली, ज्वारी सोडायला सांगून सोलापूरचा माणूस ऐकणार नाही आणि सांगायची गरजही नाही, मोजून खायची एवढंच. शेंगा चटणीवरून मात्र बरीच वाटाघाट झाली. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही, आणि काका ती भाकरीवर तेल घालून वाटीभर खायचे. शेवटी चमचाभर, डायलिसिसच्या आदल्या दिवशी, यावर तह झाला. रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग, ताकाऐवजी घट्ट दही थोडं, डाळ आणि भाज्या चिरून जास्त पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. डायलिसिसला जायच्या आधी दोन इडल्या, म्हणजे चहा-बिस्किटावर जाणं बंद.

जानेवारीतला सोमवार

नोव्हेंबर मध्यापासून पहाटेचा घाम थांबला. उपाशीपोटी 190-210 यायची, मी म्हटलं असू दे, घाई नको, आणि लिनाग्लिप्टिन रुजल्यावर ती 150-170 वर आली. सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना संक्रांतीनंतरच्या सोमवारी फोन आला.

झालं असं की गड्ड्याची यात्रा, घरात पाहुणे, तिळगूळ, शनिवारी शेतावर हुरडा आणि त्याबरोबर गूळ. शनिवारी दुपारी शुगर 92 आली, ती बघून काका घाबरले, आता पडणार म्हणून त्यांनी ग्लार्जिन घेतलंच नाही, रविवारीही नाही. पहाटे पडण्याचा अनुभव ज्याने घेतलाय त्याची भीती मी समजू शकतो. शुक्रवार ते सोमवार हा दोन दिवसांचा मोठा खंड, वजन 4.6 किलो वाढलेलं, बसून दम, शुगर 486, पोटॅशियम 6.3, सोडियम 128, कीटोन नाहीत, ईसीजीत टी लाटा उंच, म्हणजे पोटॅशियम वाढल्याची खूण.

ड्युटीवरचा ज्युनिअर डॉक्टर हुशार मुलगा, पण त्याच्या डोक्यात नेहमीचा हिशोब, शुगर 486 म्हणजे आधी दोन बाटल्या सलाइन. बाकीच्या पेशंटमध्ये ते बरोबर असतं कारण तिथे साखर लघवीवाटे पाणी घेऊन जाते आणि माणूस सुकतो. इथे लघवीच नाही. साखर बाहेर जायला वाट नसते, ती पेशींमधलं पाणी ओढून रक्तात आणते, म्हणून सोडियम पातळ होऊन कमी दिसतं, तहान भयंकर लागते, माणूस पाणी पितो आणि ते सगळं फुप्फुसात बसतं. पाण्याबरोबर पोटॅशियमही पेशीतून बाहेर येतं, आणि ते आत ढकलणारं इन्सुलिन दोन दिवस बंद, वर गुळातलं पोटॅशियम आणखी. त्यात वरून सलाइन दिलं असतं तर काका तिथेच बुडाले असते.

हृदयाला जपण्यासाठी कॅल्शियम दिलं, लगेच डायलिसिसवर घेतलं, अस्पार्ट फक्त 4 युनिट, दर तासाला शुगर. डायलिसेटमध्ये ग्लुकोज 100 च असल्यामुळे जास्तीची साखर मशीनमधूनही जात राहते, म्हणून वरून मोठा डोस द्यायचा नाही, नाहीतर मशीन उतरताना 486 ची 50 होते. चौथ्या तासाला 214, पोटॅशियम 4.4, दम उतरलेला. दुसऱ्या दिवशी राहिलेलं पाणी काढायला आणखी एक डायलिसिस.

हे मी सविस्तर लिहिलं कारण "डायलिसिसवर शुगर जास्त असलेली चालते" असा अर्थ कुणी काढू नये. अमेरिकेतल्या डायलिसिस पेशंटच्या मोठ्या नोंदींमध्येही दोन्ही टोकांना, फार कमी आणि फार जास्त एचबीएवनसीला, मृत्यू जास्त दिसतात. काकांच्या बाबतीत आम्ही जेवणाआधी 110 ते 180 एवढा रुंद पट्टा धरला आणि पट्ट्याच्या खालच्या काठाला जास्त घाबरायचं असं ठरवलं. पांढऱ्या कागदावर एक ओळ वाढवली: शुगर 100 च्या आसपास असेल तर ग्लार्जिन 9 घ्यायचं, बंद करायचं नाही, आणि फोन करायचा.

आता मार्च आहे. दोन डायलिसिसमधली वजनवाढ 3.8 वरून अडीच किलोवर आलीय, त्यासाठी पाणी पिऊ नका हे वेगळं ओरडावं लागलं नाही, शुगर 300 ला जाणं थांबलं तशी तहानच कमी झाली. चार तास पूर्ण होतात. "बीपी ड्रॉप" जानेवारीपासून एकदा, तो खरा बीपीचाच होता, शुगर तेव्हा 151. ग्लार्जिन 13 आणि डायलिसिसला 10, अस्पार्ट 4 आणि 5. दुसरा सेन्सर लावला नाही, परवडत नाही, त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस सहा-सहा वेळा बोट टोचायचं, एक डायलिसिसचा दिवस, एक साधा, त्यात एक वेळ पहाटे तीनची, ती काकू गजर लावून बघतात. अल्ब्युमिन 3.6. एचबीएवनसी मी सांगितला नव्हता, तरी लॅबने पॅकेजमध्ये केलाय, 6.8, तो फाइलच्या शेवटच्या पानावर लावलाय.

पुढच्या महिन्यात त्यांची शिफ्ट दुपारी बाराची होणार आहे, तर आत्ताचं वेळापत्रक तसंच ठेवून चालणार नाही, साडेबाराला ते मशीनवर असतील. ग्लार्जिन सकाळी नऊला आणायचंय, ज्या दिवशी सरकवू त्या दिवशी नवा डोस साडेतीन तास आधीच्या डोसवर चढणार म्हणून तो दिवस डायलिसिसचा नसला तरी 10 च. जेवण अकराला, पण डायलिसिसच्या दिवशी त्या जेवणानंतरचं अस्पार्ट नाही, दोन वाजता मशीनवर दोन इडल्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर शुगर कितीही दिसली तरी रात्रीच्या जेवणापर्यंत वरचं इन्सुलिन द्यायचं नाही. पहिले दोन आठवडे पहाटे तीनची शुगर रोज. पिवळा कागद नव्याने लिहून मुलाकडे दिलाय.